सैल

हसू जरा उशिरा आलं. जाईबाईच्या तोंडून शब्द गेला, गवतावर कागदी प्लेटी घेऊन बसलेल्या पोरापोरींच्या कानांवर पडला, आणि मधे एवढीशी पोकळी राहिली. हातातून सुटलेलं भांडं फरशीवर आदळेपर्यंत राहते तशी. मग शैलेंद्र हसला. तो इंदूरचा, पायलच्या कॉलेजातला, कुठल्याही गोष्टीला सगळ्यांत आधी हसणारा. त्याच्यामागून बाकीचे हसले. कुणी शेजारच्याच्या पाठीवर थाप मारली, कुणी तोंडातला घास सावरला. "आंटी, क्या बोला? फिर से बोलो ना, प्लीज!" शैलेंद्र म्हणाला. आणि जाईबाई परत बोलली. "बिफोर, पायल व्हेरी टाइट गर्ल. नाऊ, लूज गर्ल. व्हेरी लूज." बोलली आणि स्वतःही हसली. परदेशातल्या त्या पॅरामाट्याच्या नदीकाठची बाग, रविवारची दुपार, बागेतल्या सरकारी तव्यावर भाजत असलेली मक्याची कणसं, कचऱ्याच्या डब्याभोवती फिरणारे काळ्या चोचींचे पांढरे पक्षी. सगळं जागच्या जागी होतं. फक्त पायल कणसांची प्लेट घेऊन उभी होती ती तशीच उभी राहिली. तीही हसत होती. दुसऱ्याच्या घरी आपल्या हातून कपबशी फुटली की माणूस हसतो, तसं. आणि थोड्या अंतरावर बाकावर बसलेल्या विराजनं, जाईबाईच्या लेकानं, मान खाली घालून बुटाची नाडी बांधायला घेतली. त्याची नाडी सुटलेली नव्हती, हे जाईबाईला दिसलं.

परत येताना गाडीत तिघंच होती. पायल आली नव्हती. मी ट्रेननं येते म्हणाली. सून मंजिरी पुढे बसली होती, तिनं रेडिओ लावला आणि बंद केला. गिरावीनच्या वळणावर विराज आरशातून मागे न बघता म्हणाला, "आई, तुला काय म्हणायचं होतं?"

"मोकळी झाली म्हणायचं होतं," जाईबाई म्हणाली. "आधी कशी घुम्यासारखी बसायची. आता बोलती झाली, चार माणसांत मिसळते. कौतुकानंच म्हटलं मी."

"हां. मला तेच वाटलं."

"पण आई, इथे मुलीला तसं नाही म्हणत," मंजिरी हळूच म्हणाली. "म्हणजे त्याचा अर्थ..." आणि ती थांबली. सासूला अर्थ सांगायला तिची जीभ धजेना.

"जाऊ दे ना," विराज म्हणाला. "आईला कुठं माहीत असणार."

जाईबाईनं खिडकीबाहेर पाहिलं. एकसारखी विटांची घरं, एकसारखी पत्र्याची कुंपणं, दारात एकसारख्या लाल-पिवळ्या झाकणांचे डबे. विराज किती सहज म्हणाला, आणि त्यात किती माया होती. तिनं काहीच उत्तर दिलं नाही. आणि उत्तर दिलं नाही म्हणजे हो म्हटल्यासारखंच झालं. तोंडातून गेलेल्या शब्दाचं एक वेळ काही करता येतं, पण न बोललेल्या गोष्टीवर लोक आपापल्या मनानं शिक्का मारून मोकळे होतात.

पायल या घरात आली तेव्हा खरंच आवळलेली पोर होती. अकोल्याची, बीकॉम झालेली, आणि इथे केस कापायचा कोर्स करायला आलेली. ती वर्षंच तशी होती. दुकानांच्या माडीवर कॉलेजं निघाली होती, आणि स्वयंपाक नाहीतर केस कापणं शिकलं की या देशात राहता येतं म्हणून हिंदुस्थानातून विमानं भरभरून पोरं येत होती. इंजिनिअर झालेले कांदे चिरत होते. पायलनं आयुष्यात कधी कुणाच्या केसाला कात्री लावली नव्हती. तिला विराजनं मागची खोली भाड्यानं दिली. पहिले दिवस ती खोलीचं दार लावून बसायची. जेवायला बोलावलं तर "नको, मी मॅगी केली" म्हणायची. घट्ट वेणी, घट्ट ओठ, दप्तर छातीशी धरलेलं. जाईबाईला ही पोर ओळखीची वाटली होती. औरंगाबादेत मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिनं उभा जन्म भाकऱ्या थापल्या. दर जूनमध्ये अशा पोरी गावांहून यायच्या, मुठी आवळून. त्यांना काही समजावायचं नसतं. त्यांच्या ताटात एक भाकरी न विचारता जास्त टाकायची आणि आपल्या कामाला लागायचं. पायलच्या दारात तिनं तेच केलं. पिठलं-भाकरीचं ताट ठेवलं आणि निघून आली. तिसऱ्यांदा दार उघडलं. "मावशी, तुम्ही पण बसा ना," पायल म्हणाली. वसतिगृहातल्या पोरीही मावशीच म्हणायच्या.

त्यानंतर दुपारी घरात त्या दोघीच असत. पायलला हात बसवायला डोकं हवं असायचं, आणि जाईबाईजवळ डोकं होतं. न्हाणीघरापुढे खुर्ची टाकून पायल तिचा अंबाडा सोडायची. "किती आवळून बांधता मावशी, केसांना श्वास घेऊ द्या की." तिची बोटं टाळूवर फिरायची, आणि जाईबाईला आपली मान कुठेतरी खोल सुटत जाते आहे असं वाटायचं. नवरा गेल्यापासून तिच्या डोक्याला कुणी हात लावला नव्हता. एकदा पायलनं एक बाटली आणून दाखवली. कुरळे केस सरळ करायचं औषध. "याला रिलॅक्सर म्हणतात, मावशी. केस रिलॅक्स होतात." "का गं, केसांना कसलं टेन्शन आलंय? त्यांना पण व्हिसा पाहिजे का?" जाईबाई म्हणाली, आणि पायल खुर्चीची पाठ धरून हसत राहिली. ते हसणं जाईबाईला पुढे कितीतरी दिवस पुरलं. हे मी घडवलं, असं तिला वाटायचं. ही गाठ माझ्या हातानं सुटली.

आणि तिचा इंग्रजीचा वर्गही तेव्हाच सुरू झाला. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर म्हाताऱ्या माणसांसाठी बुधवारी वर्ग भरे. एक चिनी जोडपं, एक लेबनॉनची बाई, दोन-तीन पंजाबी सरदार, आणि जाईबाई. शिकवायला मार्गरेट नावाची निवृत्त शिक्षिका. तिच्या गळ्यात चष्मा लोंबकळायचा आणि ती तो सगळीकडे शोधायची. जाईबाईला वर्गाची भीती नव्हती. वर्गाला उशिरा जाणं तिला नवं नव्हतं. तिला मराठी अक्षरं आली तेव्हाच विराज दहावीला होता. वसतिगृहाच्या विमलबाई रेक्टर होत्या, त्यांनी संध्याकाळी कामवाल्या बायांचा साक्षरता वर्ग सुरू केला होता. वाचता आलेला पहिला शब्द तिला अजून आठवतो. वसतिगृहाच्या मोठ्या दारावर पितळी पट्टी होती, आणि ते दार ती अनेक वर्षं ढकलत होती. एका संध्याकाळी पट्टीपुढे थांबून तिनं अक्षरं जुळवली: ढ-क-ला. दारात उभी राहून ती एकटीच हसली होती. इतकी वर्षं दार सांगत होतं आणि ती न ऐकता तेच करत होती.

मार्गरेटनं एका बुधवारी एक बरणी आणली होती. झाकण घट्ट बसलेली. सगळ्यांच्या हातांतून बरणी फिरली. "लूसन," मार्गरेट म्हणाली, "लूसन द लिड." मग पट्ट्यावर हात ठेवून, जास्त जेवल्यासारखं पोट पुढे काढून, "लूसन द बेल्ट." मग खांदे वर घेतले आणि खाली सोडले. "लूसन युअर शोल्डर्स." सगळ्या वर्गानं खांदे सोडले, चिनी म्हाताऱ्याच्या मानेत काडकन आवाज झाला आणि सगळे हसले. जाईबाईच्या डोक्यात भराभर दारं उघडत होती. सैल. पीठ सैल भिजवणं. चोळीची गाठ सैल करणं. बैलाचा कासरा सैल सोडणं. माती सैल करून मिरचीचं रोप लावणं. एक शब्द सापडला आणि त्याच्याबरोबर अख्खं घरच इंग्रजीत जाऊन बसलं. मार्गरेट पुढे म्हणाली की माणूसही लूसन होतो. घाबरलेला माणूस, लाजणारा माणूस, हळूहळू मोकळा होतो. त्याला लूसन अप म्हणतात. जाईबाईला वाटलं, ही पायलबद्दलच बोलते आहे. तो शब्द तिनं तोंडात धरून घरी आणला. लूस. लूसन. स नीट म्हणायचा, मार्गरेटनं बजावलं होतं. तुम्ही इंडियन लोक ज म्हणता, तसं नाही.

रविवारी गाडीत बसल्या बसल्या इथवर तिला सगळं आठवलं होतं. सोमवारी सकाळी घर रिकामं झाल्यावर कणीक मळताना उरलेलं आठवलं. आठवलं म्हणजे ते विसरलं होतं असं नाही. घरातल्या एखाद्या कोपऱ्यात आपण जाणूनबुजून बघत नाही, तसं ते होतं.

त्याच वर्गात लेबनॉनच्या बाईनं हात वर केला होता. तिला शंका होती. तिचा नातू टीव्हीवरचं काहीतरी ऐकून आला होता. लूस वुमन म्हणजे काय? मार्गरेट लाल झाली. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवून तिनं तो पुन्हा उतरवला. मग हळू आवाजात सांगितलं, ते चांगलं नाही. बाईबद्दल, मुलीबद्दल हा शब्द कधी वापरायचा नाही. तिची वागणूक वाईट आहे असा त्याचा अर्थ होतो. सरदारजींनी खाकरून दुसरीकडे पाहिलं. लेबनॉनच्या बाईनं तोंडावर रुमाल धरला. आणि जाईबाईनं मान हलवली होती, कारण तिला हा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणजे तिला माहीत होतं.

कणकेत बोटं तशीच राहिली. माहीत होतं, पण त्या वेळी सुचलं नाही, असं तिनं स्वतःला म्हणून पाहिलं. म्हातारपणी होतं असं. चार लोकांत इंग्रजी बोलायची हौस, घाईत शब्द निसटला. पण हे तिच्याच मनाला पटेना. कारण बागेत तिनं लूस म्हटलं नव्हतं. वर्गात आणि घरात, एकटीनं भांडी घासतानासुद्धा, ती नेहमी स म्हणायची. त्या स चा तिला अभिमान होता. बागेत ती लूज म्हणाली. त्या पोरांसारखं. त्यांना कळावं तसं.

तिनं हात धुतले आणि खुर्चीवर बसली. त्याच्या आधीच्या आठवड्यात, एका दुपारी, ती पायलचे वाळलेले कपडे घड्या घालून तिच्या खोलीकडे गेली होती. दार अर्धं उघडं होतं. पायल पलंगावर पालथी पडून संगणकावर मित्रमैत्रिणींशी बोलत होती. हल्ली तिला दुपारी डोकं नको असायचं. खरी गिऱ्हाइकं मिळत होती, हॅरिस पार्कच्या किराणा दुकानात संध्याकाळी आणि शनिवारी काम होतं, स्वरदा नावाची मैत्रीण होती, उशिरापर्यंत बाहेर राहणं होतं, आणि वेणी जाऊन खांद्यापर्यंत कापलेले केस होते. ते सगळं जाईबाईनं पाहिलं होतं आणि तरुण आहे म्हणून सोडून दिलं होतं. पण त्या दुपारी पायल कुणाचा तरी आवाज काढत होती. "आय अ‍ॅम रीडिंग धिस न्यूजपेपर. इट इज अ व्हेरी गुड न्यूजपेपर." एकेक शब्द वेगळा, ओळीखाली बोट ठेवून वाचल्यासारखा. संगणकातून हसण्याचा गलका आला, त्यात शैलेंद्र सगळ्यांत वर होता. "वन्स मोअर, वन्स मोअर, आंटी!" आणि पायल म्हणाली, "अरे, शी इज सो क्यूट, तुम लोग समझते नहीं." जाईबाईला आधी कळलंच नाही की तो आवाज आपला आहे. तो किती हुबेहूब होता, हे कळायलाच वेळ लागला. कपडे घेऊन ती तशीच मागे फिरली. संध्याकाळी तिनं ते कपडे हातात दिले तेव्हा पायल म्हणाली, "थँक यू मावशी, तुम्ही कशाला केलंत?" आणि तिच्या गळ्यात हात टाकला. त्या हातात काही खोटं नव्हतं. तेच तर अवघड होतं. चेष्टाही खरी होती आणि मायाही खरी होती, आणि जाईबाईला दोन्हींतलं एकच ठेवून घेता आलं.

म्हणून रविवारी बागेत शैलेंद्र "आंटी, इंग्लिश में कुछ बोलो ना" म्हणाला, तेव्हा तिला ठाऊक होतं की ही पोरं कशाची वाट बघत आहेत. खाऊची. मोडक्या इंग्रजीची. एक घास. आणि मोडक्या इंग्रजीच्या आडून काहीही बोलता येतं, हेही तिला त्याच क्षणी कळलं. अडाण्याला सगळं माफ असतं. पहिल्यांदा बोलली तेव्हा कदाचित शब्दाच्या दोन्ही अर्थांमध्ये तिचा पाय अडकला असेल. दुसऱ्यांदा बोलली तेव्हा पाय कुठेच अडकला नव्हता.

आणि मग, तिला नको असताना, सासू आठवली. उंबऱ्यात बसून तांदूळ पाखडणारी. साक्षरता वर्गाला जायला लागून जाईबाईला थोडेच दिवस झाले होते. पाटी पदराखाली धरून ती बाहेर पडत होती, आणि सासू शेजारणीला म्हणाली, "आमची जाई आता सैल सुटलीय गं बाई." हसत म्हणाली. शेजारीणही हसली. नवरा, यादवराव, आत जेवत होते. त्यांनी ऐकलं आणि ताटातलं वरण भातात कालवत राहिले. विराजनंही पुस्तकातून मान वर केली नाही. त्या संध्याकाळी जाईबाईला एकही अक्षर दिसलं नव्हतं. घरी आल्यावर तिनं धीर करून विचारलं, "आत्या, असं का बोललात?" सासूनं सूप बाजूला ठेवलं, डोळे मोठे केले. "मी काय वाईट बोलले? मोकळी झालीस म्हटलं. कौतुकानंच म्हटलं."

कौतुकानंच म्हटलं. गाडीत आपण हेच शब्द वापरले, तसेच्या तसे. सासू जाऊन वीस वर्षं होत आली, तिच्या लुगड्यांचे बोळेसुद्धा राहिले नाहीत, आणि तिची जीभ मात्र समुद्र ओलांडून इथवर आली. सासूला लिहिता-वाचता येत नव्हतं, इंग्रजी तर नव्हतंच. तिच्याजवळ एकच भाषा होती, तिनं त्या एका भाषेत जे केलं तेच करायला आपण दोन भाषा शिकलो, असं तिला वाटलं, आणि ती खुर्चीतून उठून उगाचच गॅसजवळ जाऊन उभी राहिली.

तीन-चार दिवस पायल दिसली नाही. सकाळी लवकर जायची, आली की आपल्या खोलीत. जाईबाई मनात वाक्यं जुळवत राहिली. पायल, मी तुला दुखवायला बोलले. पायल, तू माझी नक्कल केलीस ते मी ऐकलं. नाही, ते नको, म्हणजे पुन्हा हिशेब मांडल्यासारखं होईल. पायल, माझं चुकलं. एवढंच. गुरुवारी दुपारी पायल स्वतःच स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"पायल, बैस. मला तुझ्याशी बोलायचंय," जाईबाई म्हणाली.

"मावशी, प्लीज, आधी माझं ऐका. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मला माहितेय तुम्हाला काय म्हणायचं होतं, विराजदादा बोलला माझ्याशी. पण ती पोरं... मी दुकानात काउंटरवर असते ना, तर येतात आणि विचारतात, पायल, लूज चाय मिलेगा? पायल, लूज में क्या क्या है? तिकडे सुट्या मालाला लूजच म्हणतात, त्यामुळे मला काही बोलताही येत नाही. काय बोलणार? आधी मी पण हसले. आता दुसऱ्या कॉलेजची पोरं पण येतात. मी त्यांना ओळखत पण नाही."

"अगं..."

"आणि शैलेंद्र म्हणतो, जिसके घर में रहती है, वो आंटी खुद बोल रही थी. घरवालों को तो पता होगा ना. असं सगळ्यांना सांगतो. काल मालकांनी मला आत बोलावलं, विचारलं, काय चाललंय हे, गिऱ्हाइकं काय बोलतात. त्यांच्याकडे अकोल्याच्या ओळखीचे लोक येतात मावशी. पप्पांपर्यंत गेलं तर ते मला पुढच्या विमानानं परत बोलावतील." तिनं ओट्यावरचा पाण्याचा थेंब बोटानं लांबवला. "तुम्ही एक करा. शनिवारी दुकानात या. ते चारच्या सुमाराला येतातच. त्यांना फक्त सांगा की तुम्हाला त्याचा अर्थ माहीत नव्हता. बास. तुम्ही सांगितलंत की संपलं."

जाईबाईच्या तोंडात जुळवलेली वाक्यं होती. ती तिनं तशीच आत धरली आणि विचारलं, "आणि समज, मला माहीत असता तर?"

पायल हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा. "मग मी मेलेच की मावशी. मग ते खरंच झालं ना."

गॅसवर दूध होतं, ते वर आलं. जाईबाईनं गॅस बंद केला. तिला वाटत होतं की खरं बोललं की माणूस मोकळं होतं. तिनं रोज म्हटलेल्या सगळ्या वंदना, सगळी वचनं तेच सांगत आली होती. पण इथे तिनं खरं बोलून मोकळं व्हायचं आणि त्याची किंमत या पोरीनं मोजायची, असं होतं. तिची चूक कबूल करण्याची जागासुद्धा तिनंच त्या एका शब्दानं बुजवून टाकली होती.

"येते," ती म्हणाली.

"तुम्हाला काय बोलायचं होतं?"

"काही नाही. जेवलीस का विचारायचं होतं."

शनिवारी हॅरिस पार्कच्या त्या दुकानात तांदळाच्या गोण्या, उदबत्त्या आणि गोठवलेल्या पराठ्यांचा मिळून एक वास होता. जाईबाई लोणच्यांच्या फळीपाशी उभी राहिली. तिनं धुतलेलं पांढरं पातळ नेसलं होतं, आणि मग ते फार नीटनेटकं दिसतं असं वाटून त्यावर जुना स्वेटर चढवला होता. बरण्यांवरची नावं तिचे डोळे आपोआप वाचत होते. मँगो, लाइम, मिक्स्ड. ती थांबवायचा प्रयत्न करत होती आणि थांबवता येत नव्हतं. एकदा वाचता आलं की अक्षरांकडे नुसतं बघता येत नाही. मग दाराची घंटी वाजली आणि शैलेंद्र आला, बरोबर तिघं. "हाय पायल. आज लूज में क्या..." एवढ्यात त्याला जाईबाई दिसली. "अरे, आंटी!"

ती पुढे झाली. काउंटरच्या पलीकडे मालक होते, अलीकडे दोन गिऱ्हाइकं होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचं, असं तिनं ठरवलं होतं. "बेटा," ती म्हणाली, "मेरे को इंग्लिश नहीं आता. उस दिन मैं कुछ तो भी बोल दी. उसका माने मेरे को मालूम नहीं था. अच्छी लडकी, मोकळी लडकी, ऐसा बोलना था मेरे को. बहुत अच्छी लडकी है. बेटी जैसी है." मग तिला वाटलं की हे पुरेसं नाही. शैलेंद्रच्या चेहऱ्यावर अजून थोडी गंमत शिल्लक होती. ती गंमत पुरती जायला हवी होती, आणि त्यासाठी काय द्यावं लागेल हे तिला कळत होतं. "मैं अनपढ बाई है, बेटा," ती म्हणाली. "अंगूठाछाप है."

शब्द बाहेर पडला आणि शैलेंद्रचा चेहरा उतरला. हसण्यातली हवा निघून गेली. तो एकदम लहान दिसायला लागला, कुणाच्या तरी आईपुढे उभा राहिलेला. "नहीं नहीं आंटी, आप क्यों सॉरी... हम लोग तो मजाक कर रहे थे. गलती हमारी है." आणि तो वाकला. तिला काही कळायच्या आत त्यानं तिच्या पायांना हात लावला. "पायल, सॉरी यार," तो उठत म्हणाला. "नो मोर, पक्का." मालकांनी समाधानानं मान हलवली. "रिलॅक्स, आंटी," बाकीच्यांतला एक जण म्हणाला, "नो वरीज." जाईबाईनं त्यांच्या डोक्यांवरून हात फिरवल्यासारखं केलं. पायांवर त्याच्या बोटांचा स्पर्श राहिला होता, आणि तो पुसून टाकावा असं तिला वाटत होतं, पण चपला घातलेले पाय कुठे पुसणार.

पायलची पाळी संपली तेव्हा दोघी पॅरामाटा स्टेशनकडे चालत निघाल्या. उन्हं कलली होती. मिठाईच्या दुकानांपुढे गर्दी होती, कुणी तरी गाडीतून पंजाबी गाणं मोठ्यानं लावलं होतं. पायल हलकी होऊन चालत होती, मधेच एक पाऊल उडी मारल्यासारखं टाकत. तिनं जाईबाईच्या दंडात हात अडकवला.

"थँक यू मावशी. खरंच. तुम्ही ते अंगठाछाप कशाला म्हणालात पण? तुम्ही काय अंगठाछाप आहात?"

"म्हटलं गं. बोलण्याच्या भरात."

"बरं, आता तरी लक्षात ठेवा. मी तुम्हाला नीट सांगते, म्हणजे परत गोंधळ नको. हां? लूजन म्हणजे सैल करणे. क्रियापद."

"असं होय?"

"हो. बरणीचं झाकण लूजन करायचं. बूट घट्ट असला तर नाडी लूजन करायची. केस घट्ट बांधले तर, तुमच्यासारखे, ते लूजन करायचे. मसल्स लूजन करायचे. सरकारनं नियम लूजन केले, असं पण पेपरात येतं, व्हिसाचे वगैरे. आणि माणूस लूजन अप होतो, म्हणजे मोकळा होतो, रिलॅक्स होतो. तेच म्हणायचं होतं ना तुम्हाला?"

"तेच."

"मग त्याला शी इज लूज नाही म्हणायचं. शी हॅज लूजन्ड अप म्हणायचं. म्हणा बरं."

जाईबाईनं म्हटलं. अडखळत म्हटलं, एकेक शब्द वेगळा, आणि एक शब्द मुद्दाम चुकवला. पायलनं तो प्रेमानं दुरुस्त केला. सिग्नलपाशी दोघी थांबल्या. लाल माणूस हिरवा होईपर्यंत पायल बोलत होती, तिचा हात दंडाभोवती ऊबदार होता, आणि तो तिथून निघू नये एवढीच जाईबाईची इच्छा होती. आणि तो तिथे आहे म्हणून तिला मान वर करवत नव्हती.

"आणि बाईबद्दल?" तिनं विचारलं.

"बाईबद्दल वापरायचाच नाही मावशी. फार वाईट अर्थ आहे."

"कसा?"

पायल जरा लाजली. मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून, तिनं तो अर्थ समजावून सांगितला. आणि जाईबाईनं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत, मान हलवत, ऐकून घेतला.